ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या : कोंबड्यांच्या आहारातील नैसर्गिक पूरक आणि त्याच्या मर्यादा

कुक्कुटपालनाच्या एकूण खर्चापैकी साधारणतः ६० ते ७० टक्के खर्च खाद्यावर होतो. खाद्यातील प्रथिनांसाठी मुख्य भिस्त सोयापेंड आणि सुक्या मासळीवर असते आणि दोहोंचे दर सतत वरखाली होत असतात. २०२१ मध्ये सोयापेंडीचे दर इतके चढले, की त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये केंद्र शासनास १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंडीच्या आयातीस परवानगी द्यावी लागली. दुसरीकडे, पक्ष्यांची वाढ जलद व्हावी म्हणून खाद्यातून प्रतिजैविके देण्याची प्रथा मागे घ्यावी लागत आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढवर्धक म्हणून प्रतिजैविकांचा वापर थांबवला. भारतात जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या अन्नोत्पादक प्राणी, कोंबड्या, मत्स्यपालन व पशुखाद्य पूरकांतील वापरावर बंदी आली. कारण गंभीर रुग्णांसाठी शेवटचा पर्याय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांपैकी ते एक आहे.

या दोन्ही अडचणींमुळे नैसर्गिक खाद्यपूरकांकडे लक्ष वळले आहे. हळद, लसूण, ओवा व प्रोबायोटिक यांच्याबरोबरीने आता ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांचे नाव घेतले जाते. इतर पूरके चिमूटभर वापरली जातात. अळी मात्र प्रथिनांचा स्रोतही आहे आणि पूरकही. तथापि केवळ नैसर्गिक असल्याने कोणताही पदार्थ निर्धोक ठरत नाही. अळी ज्या पदार्थावर वाढते, त्यावरच तिचे पोषणमूल्य आणि तिची सुरक्षितता अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या सूत्राच्या आधारे तिच्या वापराचा विचार केला आहे.

कीटकाची ओळख

या माशीचे शास्त्रीय नाव हर्मेशिया इल्युसेन्स असून ती द्विपंखी कीटकांच्या स्ट्रॅटिओमायडी कुळात मोडते. मूळची अमेरिका खंडातील ही माशी आता जगातील बहुतेक उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांत पसरली असून भारतातही ती नैसर्गिकरीत्या आढळते. प्रौढ माशी १५ ते २० मिलिमीटर लांब, काळी आणि गांधीलमाशीसारखी दिसणारी असते; मात्र तिला नांगी नसते व ती चावत नाही. पोटाच्या सुरुवातीच्या भागावरील दोन पारदर्शक खिडक्यांसारखे ठिपके ही तिची खूण होय.

कंपोस्ट खड्ड्यात या अळ्या दिसल्या, की अनेक शेतकरी घाबरून कीटकनाशक टाकतात. त्यासाठी घरमाशीच्या अळीशी असलेला फरक ओळखता आला पाहिजे. घरमाशीची अळी पांढरी, मऊ, तोंडाकडे निमुळती आणि सुमारे १२ मिलिमीटरपर्यंत वाढणारी असते. ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी चपटी, चिवट कातडीची, मळकट पांढऱ्या ते तपकिरी रंगाची असून ती २० मिलिमीटरहून अधिक वाढते. प्रौढ माशी जवळजवळ काहीच खात नाही. अळीअवस्थेत साठवलेल्या चरबीवर ती जगते. त्यामुळे घरमाशीप्रमाणे ती अन्नावर बसून रोगजंतू पसरवत नाही. शिवाय या अळ्यांची दाट संख्या असलेल्या शेणखतात किंवा कोंबडीखतात घरमाशीची पैदास घटते, हे फार पूर्वीच दिसून आले आहे.

जीवनक्रम

मादी कुजणाऱ्या पदार्थाजवळच्या कोरड्या फटीत एका वेळी सुमारे ५०० अंडी घालते. सुमारे चार दिवसांत अंडी उबतात. २७ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात अळीची वाढ साधारण दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होते. त्यानंतर ती गडद तपकिरी होते, खाणे थांबवते आणि कोषासाठी कोरडी जागा शोधत ओल्या पदार्थाबाहेर चढू लागते. या सवयीमुळे पेटीला उताराची फळी लावली, की कोषपूर्व अवस्थेतील अळ्या आपणहून बाहेरच्या भांड्यात येऊन पडतात. प्रौढांच्या मीलनासाठी भरपूर प्रकाश, शक्यतो सूर्यप्रकाश, आवश्यक असतो. उत्तर भारतातील थंडीत वाढ मंदावते, तर कडक उन्हाळ्यात सावली व ओलावा राखला नाही तर अळ्या मरतात.

पोषणमूल्य : आकडे कसे वाचावेत

वाळवलेल्या अळ्यांत साधारणतः ४० ते ४५ टक्के क्रूड प्रथिने आणि २५ ते ३५ टक्के स्निग्ध पदार्थ आढळतात. तेल काढलेल्या भुकटीत प्रथिनांचे प्रमाण ५० टक्क्यांच्या पुढे जाते. सोयापेंडीतील ४४ ते ४८ टक्के प्रथिनांशी या आकड्यांची तुलना केली जाते. मात्र ती करताना तीन बाबी ध्यानात घ्याव्यात.

पहिली बाब प्रथिने मोजण्याच्या रीतीची. प्रयोगशाळेत नत्र मोजून त्यास ६.२५ ने गुणतात. अळीच्या कातडीतील कायटिनमध्येही नत्र असते, पण ते प्रथिन नव्हे. म्हणून संपूर्ण अळीसाठी ४.७६ हा गुणक संशोधकांनी सुचवला आहे. पिशवीवर ४२ टक्के प्रथिने लिहिलेली असतील, तर या गुणकाने खरा आकडा सुमारे ३२ टक्के निघतो. जुन्या आकड्यावर खाद्यसूत्र बेतले, तर पक्ष्यांना प्रथिने कमी पडतात.

दुसरी बाब खनिजांची. वाळलेल्या अळ्यांत कॅल्शियम ५ ते ८ टक्के असू शकते, तर स्फुरद त्या मानाने बरेच कमी असते. खाद्यात १० टक्के भुकटी मिसळल्यास ०.५ ते ०.८ टक्के कॅल्शियम तिच्यातूनच येते. ब्रॉयलरच्या खाद्यात एकूण गरजच सुमारे १ टक्का असल्याने चुनखडीचे प्रमाण त्यानुसार घटवावे लागते. अंड्यावरील कोंबड्यांना ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम लागते. तेथे हा गुण उपयोगी पडतो, तरीही शिंपल्याचा चुरा पूर्णपणे बंद करता येत नाही.

तिसरी बाब मेथिओनिनची. या अमिनो आम्लाची उणीव अळीच्या भुकटीने भरून निघत नाही. ते वेगळे द्यावेच लागते.

आरोग्यावरील परिणाम

अळीच्या चरबीत लॉरिक आम्लाचे प्रमाण मोठे असते. खोबरेल तेलातही हेच आम्ल मुख्य असते. क्लॉस्ट्रिडियमसारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंची वाढ रोखण्याचा गुण त्यात असून कोंबड्यांतील आतड्याचा घातक दाह याच गटातील जिवाणूमुळे होतो. कायटिनचा थोडा अंश आतड्यातील उपयुक्त जिवाणूंना पोषक ठरतो. कुजक्या पदार्थात राहणारी ही अळी स्वसंरक्षणासाठी जिवाणूरोधक पेप्टाइडेही तयार करते.

परंतु हे गुण औषधाची जागा घेत नाहीत. परिणाम पक्ष्याचे वय, भुकटीची मात्रा व शेडमधील स्वच्छता यांनुसार बदलतो. लसीकरण, कोरडी गादी आणि शुद्ध पाणी यांकडे दुर्लक्ष झाल्यास कोणतेही पूरक उपयोगी पडत नाही. आजारी कळपासाठी पशुवैद्यकाचाच सल्ला घ्यावा.

अळीला काय खाऊ घालावे

आझादपूर, कोयंबेडू किंवा वाशी यांसारख्या बाजारांत रोज उरणारा भाजीपाला व फळे, भाताचा कोंडा, फळप्रक्रिया उद्योगातील चोथा, ब्रुअरीतील बार्लीचा चोथा हे पदार्थ या अळ्यांना चालतात. बुरशीयुक्त धान्यातील अफ्लाटॉक्सिन अळीच्या शरीरात साठत नसल्याचे प्रयोगांत दिसले आहे. कॅडमियमची गोष्ट मात्र उलट आहे : हा जड धातू अन्नापेक्षा अळीच्या शरीरात अधिक प्रमाणात साठतो. म्हणून सांडपाण्याचा गाळ, कारखान्यांची घाण अथवा वर्गीकरण न केलेला शहरी कचरा यांवर वाढवलेल्या अळ्या खाद्यासाठी वापरू नयेत.

खाद्यासाठीच्या अळ्यांना पुढील पदार्थही देऊ नयेत :

• शेण, कोंबडीखत व मैला. अळी त्यातील काही रोगजंतूंची संख्या घटवते, पण ते पूर्णतः नाहीसे होतात असे नाही. अशा अळ्यांचा उपयोग केवळ कचरा व्यवस्थापनापुरता ठेवावा.
• मेलेल्या कोंबड्या व कत्तलीचे अवशेष. त्यांतून रोगाचे चक्र पुन्हा त्याच शेडमध्ये परतते.
• मांस-मासे मिसळलेले किंवा फार खारट, तेलकट हॉटेलचे उष्टे.
• नुकतीच कीटकनाशक फवारणी झालेली भाजी. त्यामुळे अळ्या मरतात. माश्यांच्या नियंत्रणासाठी कोंबड्यांच्या खाद्यातून दिले जाणारे सायरोमॅझीनही या अळ्यांना मारक आहे.

युरोपीय संघाने कीटकप्रथिनांना २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबडी व डुक्कर यांच्या खाद्यात मान्यता दिली, तीही शेण, मैला व हॉटेलचे उष्टे यांवर कीटक वाढवण्यास मनाई ठेवूनच.

लहान प्रमाणावरील उत्पादन

झाकण व निचऱ्याची सोय असलेली प्लॅस्टिकची किंवा सिमेंटची पेटी सावलीत ठेवावी. पदार्थाचे बारीक तुकडे करून ओलावा ६० ते ७० टक्के राखावा. फार पाणी सुटल्यास कोंडा मिसळावा. पदार्थाच्या वर, त्याला स्पर्श न होईल अशा रीतीने पन्हाळीदार पुठ्ठ्याचे तुकडे टांगल्यास मादी त्यांच्या फटींत अंडी घालते. पेटीच्या पायांना मुंग्यांपासून संरक्षण म्हणून पाण्याच्या वाट्या द्याव्यात.

अळ्या गडद होण्यापूर्वी, मळकट पांढऱ्या असतानाच काढाव्यात. पुढे कातडी कठीण होऊन पचनीयता घटते. काही अळ्या पुढील पिढीसाठी राखून ठेवाव्यात. काढलेल्या अळ्या धुवून काही मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवाव्यात, ओलावा १० टक्क्यांखाली येईपर्यंत वाळवाव्यात व नंतर दळाव्यात. चरबी अधिक असल्याने भुकटी लवकर खवट होते. ती हवाबंद डब्यात थंड जागी ठेवावी, थोडी थोडी तयार करावी आणि खवट वास आल्यास वापरू नये. उरलेला चोथा पुन्हा कुजवून मगच शेतात खत म्हणून वापरावा.

किती आणि कोणास द्यावे

ब्रॉयलरच्या खाद्यात ५ ते १० टक्क्यांपर्यंत भुकटी सामान्यतः मानवते. १५ टक्क्यांवर खाद्याचे मांसात रूपांतर आणि आतड्याची रचना यांवर प्रतिकूल परिणाम झाल्याची नोंद आहे. अंड्यावरील कोंबड्यांत संपूर्ण सोयापेंड काढून तेल काढलेली भुकटी दिल्यावर खाद्यसेवन व अंड्यांचे उत्पादन घटल्याचे प्रयोगही झाले आहेत. म्हणजेच ही भुकटी सोयापेंडीस जोड देते, तिची जागा घेत नाही.

एका उदाहरणाने हिशेब स्पष्ट होईल. परसातील १०० मोठ्या कोंबड्या दिवसाला सुमारे १० किलो खाद्य खातात. त्याच्या ५ टक्के म्हणजे ५०० ग्रॅम वाळलेल्या अळ्या झाल्या. ताज्या अळीत कोरडा भाग जेमतेम एक तृतीयांश असल्याने त्यासाठी रोज दीड किलो ताज्या अळ्या लागतील. एवढे उत्पादन वर्षभर सातत्याने मिळवण्यास नियमित कचरा आणि नियमित अंडी दोन्ही हवीत. पेटी घेण्यापूर्वी या दोन्हींची व्यवस्था पाहावी.

गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांना ही भुकटी देऊ नये. ब्रिटनमध्ये मांस-हाडांची भुकटी खाऊ घातल्याने गुरांत पसरलेल्या मेंदूच्या रोगानंतर रवंथ करणाऱ्या जनावरांच्या खाद्यातील प्राणिज प्रथिनांवर कडक निर्बंध आले. भारतातही दुभत्या जनावरांना मांस-हाडांची भुकटी देण्यास मनाई आहे. युरोपात कीटकप्रथिनेही या जनावरांना वर्ज्य आहेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी चाचणीची रीत

गावात शिफारस करण्यापूर्वी एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये चाचणी घ्यावी. एकाच वयाच्या, एकाच जातीच्या पक्ष्यांचे दोन समान गट करावेत. एका गटास नेहमीचे खाद्य व दुसऱ्यास ५ टक्के भुकटी मिसळून प्रथिने, कॅल्शियम व मेथिओनिन यांचे संतुलन साधलेले खाद्य द्यावे. किमान सहा आठवडे खाल्लेले खाद्य, वजन किंवा अंडी, मरतुक आणि विष्ठेचा घट्टपणा यांची नोंद ठेवावी. अळ्यांसाठी लागलेली मजुरी व वाळवणीचे इंधन खर्चात धरावे, कारण फुकटच्या कचऱ्यावर वाढलेली अळी फुकट पडत नाही. विकत घेतलेल्या भुकटीसाठी विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात : अळ्या कशावर वाढवल्या, प्रथिने कोणत्या गुणकाने मोजली आणि कॅडमियम व साल्मोनेला यांची तपासणी झाली आहे का. यांची उत्तरे न मिळाल्यास ती भुकटी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.