आजाराचं नाव पुरेसं नसतं

‘तुझ्या आजारामुळे घटस्फोट हवा’ अशी नोटीस ज्यांच्या हाती पडली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मला बायपोलर आजार आहे. बाळंतपणानंतर तो उफाळला, रुग्णालयात राहावं लागलं. औषधांनी सावरले, शिकवण्या पुन्हा सुरू केल्या. तरी नवऱ्याने हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली अर्ज केला. सासरचे म्हणाले, ‘डॉक्टरांनीच लिहून दिलंय. मुकाट्याने संमतीच्या कागदांवर सही कर.’ आईसुद्धा म्हणाली, ‘बोभाटा नको, कर बाई सही.’ मी सही केली नाही, कारण त्याआधी एका वकीलताईंनी मला ते कलम वाचून दाखवलं होतं.

कायदा आजाराचं नाव बघत नाही, त्याची तीव्रता बघतो. मनोविकार इतका हवा, की जोडीदाराने सोबत राहावं अशी रास्त अपेक्षाच करता येऊ नये. आणि ते सिद्ध करायचं असतं अर्ज करणाऱ्याने. नुसतं स्किझोफ्रेनियाचं निदान त्यासाठी पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता खटल्यात स्पष्ट केलं. २०१३ च्या कोल्लम चंद्रशेखर खटल्यातली पत्नी सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करत होती. तिथेही पतीला या कारणावरून घटस्फोट मिळाला नाही. कर्करोग, मधुमेह, क्षय यांना तर या कलमात जागाच नाही. कुष्ठरोग होता, तोही २०१९ मध्ये वगळला गेला. संसर्गजन्य गुप्तरोग मात्र आजही आहे.

म्हणून पहिलं काम: आपली फाइल आपल्या ताब्यात घ्या. माझी सासरीच राहिली होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला आपल्या नोंदी मागता येतात, त्या मी रुग्णालयाकडून घेतल्या. डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक प्रिस्क्रिप्शन, औषधांची बिलं, शिकवणीच्या फीची वही हे सगळं कामी आलं. उपचार नियमित आहेत आणि मी घर, मूल, काम सांभाळते, हे त्यातून दिसलं.

दुसरं, तारखेला हजर राहा आणि लेखी कैफियत द्या. गैरहजर राहिलात तर प्रकरण एकतर्फी चालू शकतं. अशा अर्जाला क्रूरतेचा आरोपही बहुधा जोडलेला असतो. प्रत्येक प्रसंगाला तारीखवार उत्तर द्या. न्यायालय वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकतं. ती टाळली तर निष्कर्ष आपल्याविरुद्ध निघू शकतो, म्हणून मी तपासणीला गेले.

तिसरं, पैशाअभावी गप्प बसू नका. महिलांना आणि मनोरुग्णांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्वतःचं पुरेसं उत्पन्न नसेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली खटला चालू असतानाची पोटगी आणि खर्च मागता येतो. बोभाट्याची भीती असेल, तर कलम २२ प्रमाणे सुनावणी बंद दालनात होते.

लग्न ठरवणाऱ्या आईवडिलांनाही एक सांगणं आहे. आजार लपवून मुलामुलींची लग्नं लावू नका. संमती फसवून घेतली, असं म्हणत जोडीदार ते कळल्यापासून वर्षभरात लग्न रद्द करून मागू शकतो. माझा आजार लग्नानंतरचा होता, हे त्या नोंदींमुळेच सिद्ध झालं.

नवऱ्याचा अर्ज फेटाळला गेला. आज आम्ही वेगळे राहतो आणि मूल माझ्याजवळ आहे. उद्या घटस्फोट घ्यायचा झालाच, तर परस्परसंमतीचा मार्ग आहे. पण ती संमती पोटगी, मुलाचा ताबा आणि औषधोपचाराचा खर्च कागदावर आल्यावर, शुद्ध मनाने दिलेली असेल. तब्येत ढासळलेली असताना, कोणी घाई करतंय म्हणून, कशावरही सही करू नका. आधी उपचार घ्या, मग वकील गाठा. सहीचा विचार त्यानंतर.