मेणासारखं अल्कोहोल

प्रश्न : माझ्या क्रीमच्या नळीवर पुढे ‘अल्कोहोलविरहित’ आणि मागे घटकांच्या यादीत ‘सेटिल अल्कोहोल’ असं छापलंय. मुलगी म्हणते, कॉलेजच्या प्रयोगशाळेतही या नावाची बरणी आहे. खरं काय मानायचं?

उत्तर : दोन्ही खरं आहे. अल्कोहोल हे एका पदार्थाचं नाव नाही, ते एका मोठ्या कुळाचं आडनाव आहे. दारूत आणि सॅनिटायझरमध्ये असतं ते इथेनॉल, या कुळातलं सर्वांत परिचित. नळीवरच्या ‘विरहित’चा रोख त्याच्याकडे असतो.

इथेनॉलच्या रेणूत कार्बनचे अणू २, सेटिल अल्कोहोलमध्ये १६. साखळी लांबली की स्वभावच पालटतो. इथेनॉल तळहातावर घेतलं की गार लागतं, उडून जातं आणि त्वचा कोरडी करतं. सेटिल अल्कोहोलच्या मात्र पांढऱ्या, मेणचट चकत्या असतात. त्या पाण्यात विरघळत नाहीत आणि वितळतात साधारण ४९ अंश सेल्सिअसला, म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या उन्हाळ्यातही बरणीत घट्टच. क्रीममध्ये ते दाटपणा आणतं, तेल-पाणी वेगळं होऊ देत नाही आणि त्वचेला मऊपणा देतं. प्यायल्यासारखी नशा किंवा कोरडेपणा यांचा इथे संबंध नाही.

हे नाव देवमाशावरून आलं आहे. लॅटिनमध्ये देवमाशाला ‘सेटस’ म्हणतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८१७च्या सुमारास देवमाशाच्या डोक्यातलं मेण दाहक पोटॅशसोबत तापवून ते मिळवलं. आज ते मुख्यतः पामतेलासारख्या वनस्पती तेलांपासून किंवा खनिज तेलापासून बनतं.

प्रयोगशाळेतला त्याचा खेळ मला फार आवडतो. रेणूचं एक टोक पाण्याला चिकटतं, लांब शेपटी पाण्यापासून दूर पळते. म्हणून पाण्यावर रेणू दाटीवाटीने उभे राहतात आणि जेमतेम एका रेणूच्या जाडीचा थर तयार होतो. प्रत्येक रेणूला पृष्ठभागावर सुमारे ०.२ चौरस नॅनोमीटर जागा लागते. हिशेब केला तर १ ग्रॅम पदार्थ तब्बल ५०० चौरस मीटर पाणी झाकू शकतो! या थरामुळे बाष्पीभवन कमी होतं, म्हणून तलावांतलं पाणी वाचवण्यासाठी ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडेही त्याचे प्रयोग झाले. अडचण वाऱ्याची: जोराचा वारा आला की थर फाटतो, एका काठाला गोळा होतो.

मुलीला एवढं सांगा. चकत्या विषारी नाहीत, पण वितळलेला द्रव कातडीला चिकटून भाजतो. चकत्या वितळवायच्या तर थेट ज्योतीवर नको, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवाव्यात. चष्मा आणि हातमोजे हवेतच. द्रव पेटलाच तर त्यावर पाणी मारू नये, कोरड्या पावडरचं अग्निशामक वापरावं. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नये, थंड होताच पाइपात घट्ट बसतं.

आणि तुम्ही क्रीम बेलाशक वापरा. क्वचित कुणाला याची ॲलर्जी असते. लावल्यावर खाज किंवा पुरळ आलं तर वापर थांबवा आणि डॉक्टरांकडे जाताना ती नळी सोबत न्या.