माझा शेजारी कोण? दयाकर्म आणि ख्रिस्ती श्रद्धा : एक अभ्यास



अहवालात जमाखर्चाला जेवढी जागा मिळते, तेवढी सेवेमागील प्रेरणेला सहसा मिळत नाही. ख्रिस्ती मंडळी रुग्णालये, अनाथाश्रम, कुष्ठधाम कशासाठी चालवितात, हा प्रश्न आपल्या परिसरातही विचारला जातो, कधी कौतुकाने तर कधी शंकेने. दोन्ही सुरांत तो रास्तच आहे, असे आम्ही मानतो.

शुभवर्तमानात 'शेजारी कोण?' या प्रश्नाला येशूने व्याख्या न देता दृष्टांत दिला. लुटारूंनी अर्धमेल्या केलेल्या वाटसरूजवळून याजक गेला, लेवीही गेला. थांबला तो यहुद्यांनी तुच्छ मानलेला शोमरोनी. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्याला उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना देईन, असे सांगितले. या दृष्टांतावरील प्रवचनांत कळवळ्याविषयी पुष्कळ ऐकावयास मिळते. या शेवटच्या आश्वासनाविषयी फारसे नाही. रुग्णालयाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे, कारण पहिल्या कळवळ्यानंतरची जबाबदारी तेथे स्वीकारलेली आहे. जखमीला त्याचा धर्म विचारल्याचा उल्लेखही त्या कथेत नाही.

याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी फुलहॅम येथील एक आश्रम पाहिला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा तेथे ख्रिस्ती भगिनी करीत. या स्त्रियांविषयी एवढी आस्था का, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्री आणि येशू यांच्या भेटीचा वृत्तांत वाचून दाखविला. सेवा आधी दिसली, तिचा अर्थ मागाहून उलगडला. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. तेथील शिक्षण धर्मनिरपेक्ष राहील, असे ठरले होते. मात्र काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, वाद पेटला आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदींनी सल्लागार मंडळ सोडले. हा प्रसंग झाकून ठेवण्यासारखा नाही. आश्रय देणाऱ्यापुढे आश्रित कधीही पूर्ण स्वतंत्र नसतो, ही त्या टीकेतील खरी बाजू होय आणि कोणत्याही धर्माच्या सेवाभावी संस्थेने ती स्मरणात ठेवावी.

आपल्या कर्जतवरून घाट चढणारा लोहमार्ग पुण्यापुढे दौंडकडे जातो. त्यावर केडगाव आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून निराधार मुली घेऊन आल्या आणि केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. त्यांचे स्वतःचे आईवडील व बहीण त्याआधीच्या दुष्काळकाळात उपासमारीने गेले होते. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, आश्रितांची संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. त्यांना अन्नाबरोबर अक्षरओळख, विणकाम, शेती, छपाई शिकविली गेली. अंध स्त्रियांना ब्रेल. फुलहॅमला पाहिलेले कार्य कृपासदनाच्या रूपाने येथे रुजले. भिक्षा देऊन मोकळे होणे सोपे होते. माणूस स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत खर्च सोसणे कठीण होते. उतारशाळेतील आश्वासन म्हणतात ते हेच.

आमच्या कामात हा प्रश्न दरवर्षी दिवाळीनंतर उभा राहतो. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. क्षयाचे औषध मात्र साधारणतः सहा महिने अखंड घ्यावे लागते. पहिली तपासणी विनामूल्य केली, गोळ्या हाती दिल्या, आणि रुग्ण भट्टीवर गेल्यावर त्याची विचारपूस थांबली, तर ती सेवा दोन दीनारांवरच संपली. म्हणून स्थलांतरित रुग्णाची पुढची भट्टी कोणत्या तालुक्यात आहे, मुकादम कोण आणि तेथील जवळचे आरोग्य केंद्र कोणते, हे तो निघण्यापूर्वीच केसपेपरवर लिहून घ्यावे लागते. त्या कागदावर धर्माचा रकाना लागत नाही.