आई तापाने पडली तरी बाळाचे दूध तोडू नका



घरात तान्हे मूल आहे आणि त्याची आई तापाने पडली, की पहिला हुकूम सुटतो तो असा : "पोराला अंगावर पाजू नगं, तापाचं दूध हाय, बाधंल." सासूबाई सांगतात, शेजारीण सांगते. मग बाळाला पावडरचे, नाहीतर पाणी घातलेले शेळीचे दूध सुरू होते. मोहोळ तालुक्यात सीनेकाठच्या वस्तीवर असो की उसाच्या फडावरल्या कोपीत असो, गोष्ट हीच. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण सल्ला चुकीचा आहे. त्यात बाळाचे नुकसान होते, आणि पुष्कळांना ठाऊक नसते ते असे, की पाळणा लांबवण्याचा तुमचा बेतही त्यातच बिघडतो.

आधी तापाचे पाहू. आईचे अंग तापले म्हणून दूध कढत होत नाही, नासत नाही, बाधतही नाही. सर्दी, खोकला, फ्लू, टायफॉईड, डेंग्यू, हिवताप, जुलाब, यांपैकी कशातही पाजणे थांबवायचे कारण नाही. उलट विचार करा. बाळ आईच्याच कुशीत निजते. सर्दी-तापाचे जंतू बहुधा आईला कणकण येण्याआधीच त्याच्यापर्यंत पोचलेले असतात. आईचे शरीर त्या जंतूंशी लढायला जी द्रव्ये तयार करते, ती दुधातून बाळाला मिळतात. नेमक्या त्याच वेळी दूध तोडले, तर बाळाचे कवच काढून घेतल्यासारखे होते. वर बाटलीतून जुलाबाचे जंतू जातात ते वेगळेच. 2020 साली कोरोनाची साथ आली, तेव्हाही जागतिक आरोग्य संघटनेने हेच सांगितले : आईने तोंडाला मास्क बांधावा, हात धुवावेत आणि बाळाला पाजावे.

आजारी आईने काय करावे? पाजण्याआधी साबणाने हात धुवावेत. खोकला असेल तर तोंडा-नाकावर मास्क किंवा पदर घ्यावा. उठवत नसेल तर कुशीवर निजून पाजावे. आपण भरपूर पाणी, ताक, पेज प्यावी. जुलाब असतील तर ओआरएसची पुडी एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात कालवून घ्यावी. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मात्र पाणी देऊ नका. सोलापूरचा उन्हाळा कितीही तापला तरी आईच्या दुधात त्याला पुरेल एवढे पाणी असते. आईला अगदीच शक्ती नसेल तर दूध हाताने स्वच्छ वाटीत पिळून चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. रबरी बुचाची बाटली घरात आणूच नये.

औषधांचे म्हणाल, तर तापाची पॅरासिटामॉलची गोळी आणि नेहमीची बहुतेक औषधे पाजत्या आईला चालतात. पण डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. "माझं मूल अंगावर आहे, एवढ्या महिन्यांचं आहे" हे आपणहून सांगा. हिवतापाची एखादी गोळी लहान बाळाच्या आईला देत नाहीत, खोकल्याच्या काही औषधांनी बाळाला गुंगी येते. डॉक्टरांना कळले तर ते औषध बदलून देतील. औषधासाठी दूध तोडण्याची वेळ क्वचितच येते.

थान तटले, लाल झाले, गाठ आली, थंडी वाजून ताप भरला, की बायका त्या बाजूला बाळ लावायचे बंद करतात. दुखते, ते खरेच. पण दूध साकळून राहिले की दुखणे वाढते. त्या बाजूलाही बाळ घ्या, थंड पाण्याची घडी ठेवा, जोराने चोळू नका. एका दिवसात उतार पडला नाही तर दवाखाना गाठा. पू झाला असेल तर तो डॉक्टरांनीच काढायचा. तोवर दुसऱ्या बाजूने पाजणे चालू ठेवा.

क्षयाचे नाव निघाले की घर हादरते आणि बाळ आजीकडे जाते. तसे करू नका. आईने सरकारी दवाखान्यातली मोफत औषधे न चुकवता घ्यावीत, तोंड झाकून पाजावे, आणि बाळाला क्षय होऊ नये म्हणून डॉक्टर जे औषध देतील ते द्यावे. क्षय दुधातून जात नाही, खोकल्यातून जातो. साध्या औषधांना दाद न देणारा क्षय असेल तर मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालावे. एचआयव्ही असलेल्या आईने आपली औषधे रोज घ्यायची, बाळाचेही औषध द्यायचे, आणि सहा महिने नुसते अंगावरच पाजायचे. थोडे आईचे, थोडे वरचे असे मिसळणे सर्वांत वाईट. कावीळ-ब असेल तर बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत लस टोचून घ्या आणि पाजा. दूध थांबवावे लागते ते कॅन्सरच्या औषधांसारख्या मोजक्या प्रसंगी, आणि ते डॉक्टरच सांगतात.

आता पाळण्याचे. बाळ चोखते तेव्हा आईच्या मेंदूला निरोप जातो. त्या एकाच निरोपाने दोन कामे होतात : दूध बनते, आणि बीज तयार व्हायचे लांबते. म्हणून बाळ सहा महिन्यांच्या आत आहे, पाळी आलेली नाही, आणि दिवसरात्र केवळ अंगावरचेच दूध चालू आहे, या तिन्ही गोष्टी असतील तर शंभरातल्या फार तर दोघींनाच दिवस जातात. तीनपैकी एक जरी सुटली तरी भरवसा गेला. आजारपणात आठ दिवस बाळ वरच्या दुधावर राहिले, की आटते ते नुसते दूध नव्हे. पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकते आणि पाळी न येताच दिवस राहतात. "अजून पाळीच न्हाई, काय व्हतंय?" असे म्हणणारे पुष्कळ असतात.

म्हणून घरधन्यांनो, बायको तापातून उठल्यावर हा हिशोब तुम्हीच करा. पाजण्यात खंड पडला असेल तर बाळाला पुन्हा वरचेवर लावायला सांगा. चोखल्याने दूध परत येते. तोपर्यंत निरोध वापरा. माला-एनच्या रोजच्या गोळ्या सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या आईने घेऊ नयेत, त्यांनी दूध कमी होऊ शकते. छाया गोळी आणि अंतरा इंजेक्शन या दोन्ही 2017 पासून सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागल्या. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. तिने दुधाला काही होत नाही. अंतरा दर तीन महिन्यांनी, पाजत्या आईला बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सुरू करता येते. तांबी, म्हणजे कॉपर-टी, बाळंतपणानंतर अठ्ठेचाळीस तासांत किंवा सहा आठवड्यांनंतर बसवतात. क्षयाच्या औषधांत रिफाम्पिसिन असते, त्याने पाळणा लांबवण्याच्या रोजच्या गोळ्यांचा जोर उतरतो. अशा बाईला तांबी किंवा अंतरा बरी.

दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवायचे असेल तर ही चौकशी ताप उतरल्याच्या आठवड्यातच करा. गावच्या आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या नर्सबाईंना विचारा. तांबीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. जाताना नवरा-बायको दोघे जा, आणि बाळाला सोबत न्या, म्हणजे दवाखान्यात थांबावे लागले तरी त्याचे पाजणे चुकणार नाही.