‘हॅव’ : एका इंग्रजी क्रियापदाचा अचूक उपयोग

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्यकारभाराची भाषा मराठी आहे. तथापि, केंद्र शासनाची कार्यालये, बँका, विमा संस्था आणि परराज्यांतील कार्यालये यांच्याशी पत्रव्यवहार करताना इंग्रजीची गरज अद्यापि भासते. शिवाय, सन २००० पासून राज्यातील शाळांमध्ये इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. इंग्रजीच्या अगदी आरंभीच्या पाठांत भेटणारे आणि सेवानिवृत्तीच्या अर्जापर्यंत सोबत करणारे एक क्रियापद म्हणजे ‘हॅव’. ते सोपे वाटते. परंतु त्याच्या चुकीच्या उपयोगाने पत्रातील तारीख, काम करणारी व्यक्ती किंवा आदेशाचा अर्थ बदलून जाऊ शकतो.

या चुकांचे मूळ अभ्यासातील हयगयीत नसून दोन भाषांच्या रचनेतील भेदात आहे. मराठीत ‘हॅव’चा अर्थ सर्वत्र देणारे एकच क्रियापद नाही. ‘त्याला दोन मुली आहेत’, ‘त्याच्याकडे बैलजोडी आहे’, ‘त्याच्याजवळ पैसे आहेत’, ‘त्याची तीन एकर जमीन आहे’, ‘त्याला ताप आहे’ या पाचही वाक्यांत क्रियापद ‘असणे’ हेच आहे. नात्यातील किंवा मालकीतील फरक ‘ला’, ‘कडे’, ‘जवळ’, ‘ची’ यांनी दाखविला जातो. इंग्रजीत मात्र या पाचही ठिकाणी ‘ही हॅज’ एवढ्यानेच काम भागते.

मालकी आणि क्रिया

मालकी, नाते किंवा आजार ही स्थिती होय; चालू असलेली क्रिया नव्हे. म्हणून ‘आय ॲम हॅविंग टू सन्स’ हे वाक्य अशुद्ध आहे. ‘आय हॅव टू सन्स’ असे म्हटले पाहिजे. उलट, ‘दे आर हॅविंग लंच’ हे वाक्य शुद्ध आहे, कारण तेथे ‘हॅव’चा अर्थ ‘जेवणे’ असा असून ती प्रत्यक्ष चाललेली क्रिया आहे. ‘असणे’ हा अर्थ असेल तर ‘हॅविंग’ टाळावे, ‘करणे’ किंवा ‘घेणे’ हा अर्थ असेल तर ते चालते, एवढी खूणगाठ पुरेशी आहे.

प्रश्न विचारताना आणखी एक चूक आढळून येते. ‘डज द स्कूल हॅज अ वेल?’ असे न विचारता ‘डज द स्कूल हॅव अ वेल?’ असे विचारावे. एकवचनाची खूण ‘डज’ने अगोदरच दाखविलेली असल्याने पुन्हा ‘हॅज’ची आवश्यकता उरत नाही.

काळ आणि तारीख

मराठीत ‘आपले पत्र काल मिळाले आहे’ असे सहज लिहिले जाते. त्याचेच रूपांतर ‘आय हॅव रिसीव्हड युअर लेटर यस्टरडे’ असे होते आणि ते चुकते. इंग्रजीत घटना घडल्याची निश्चित वेळ सांगितली की साधा भूतकाळ वापरावा लागतो : ‘आय रिसीव्हड युअर लेटर यस्टरडे’. वेळ सांगायची नसेल तर ‘आय हॅव रिसीव्हड युअर लेटर’ हे योग्य ठरते. ‘आय हॅव रिसीव्हड युअर लेटर ऑफ फिफ्थ जून’ हेही शुद्धच आहे, कारण ती तारीख पत्राची आहे, पत्र मिळाल्याची नव्हे. मुदतीचा प्रश्न असलेल्या प्रकरणात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

‘मी पाच वर्षांपासून येथे काम करीत आहे’ याचे भाषांतर ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे नव्हे, तर ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असे होते. कालावधी सांगावयाचा असल्यास ‘फॉर’ आणि आरंभाचे वर्ष सांगावयाचे असल्यास ‘सिन्स’ वापरावे.

बंधन की मोकळीक

‘हॅव टू’ म्हणजे ‘करावे लागणे’. याचे नकारार्थी रूप मात्र जपून वाचावे. ‘यू डोन्ट हॅव टू साइन’ म्हणजे ‘सही करण्याची आवश्यकता नाही’. सही केल्यास हरकत नाही. ‘यू मस्ट नॉट साइन’ म्हणजे ‘सही करू नये’. पहिल्यात मोकळीक आहे, दुसऱ्यात मनाई आहे. एखादा अर्ज गावकऱ्यांना समजावून सांगताना या दोहोंची गल्लत झाल्यास अर्जदाराचे नुकसान होऊ शकते.

केले की करून घेतले?

‘द पंचायत हॅड क्लीन्ड द वेल’ म्हणजे ‘पंचायतीने (त्यापूर्वीच) विहीर साफ केली होती’. ‘द पंचायत हॅड द वेल क्लीन्ड’ म्हणजे ‘पंचायतीने विहीर साफ करून घेतली’. शब्द तेच, केवळ ‘क्लीन्ड’ची जागा बदलली आणि काम दुसऱ्याकडून झाल्याचे स्पष्ट झाले. श्रमदानाने झालेले काम आणि मजुरी देऊन करून घेतलेले काम यांची नोंद वेगळी ठेवावी लागते, हे पंचायत सदस्यांना सांगावयास नको.

शिक्षकांसाठी

‘हॅव म्हणजे असणे’ असे पाठ करून घेण्याऐवजी शिक्षकांनी प्रथम मराठी वाक्य फळ्यावर लिहावे आणि त्यात मालकी आहे, पूर्ण झालेली क्रिया आहे, बंधन आहे की दुसऱ्याकडून करवून घेणे आहे, हे विद्यार्थ्यांनाच शोधावयास लावावे. पुढील चार वाक्ये सरावास उपयुक्त ठरतील :

१. आमच्या गावाला दोन तळी आहेत.
२. मी अर्ज भरला आहे.
३. मला उद्या तालुक्याला जावे लागेल.
४. त्यांनी छप्पर दुरुस्त करून घेतले.

उत्तरे : १. अवर व्हिलेज हॅज टू पाँड्स. २. आय हॅव फिल्ड इन द फॉर्म. ३. आय विल हॅव टू गो टू द तालुका टाऊन टुमॉरो. ४. दे हॅड द रूफ रिपेअर्ड.

विद्यार्थ्याच्या इंग्रजीतील चूक पुष्कळदा त्याच्या शुद्ध मराठीतूनच उगम पावते. ती केवळ लाल शाईने खोडण्यापेक्षा दोन्ही भाषांची रीत शेजारी शेजारी ठेवून दाखविल्यास इंग्रजी सुधारते आणि मातृभाषेच्या रचनेकडेही विद्यार्थी नव्या दृष्टीने पाहू लागतो.