मूळ आख्यान आणि खेळाडूची रुची : विरोधकाच्या स्थानाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

देहू–आळंदी रस्त्यावरील तळवडे हे गाव आज संगणकप्रणालींच्या उद्योगामुळे ओळखले जाते. त्याच्या शेजारीच तुकोबांचे देहू आहे. संतचरित्रांची परंपरा आणि संगणकावरील कल्पित विश्वांची निर्मिती यांचे हे सान्निध्य केवळ भौगोलिक मानण्याचे कारण नाही. पौराणिक संकेतांवर आधारलेले अद्भुतरम्य संगणकखेळ पुणे परिसरातच निर्माण झाले असून त्यांच्या निमित्ताने आख्यानविचारातील एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. मूळ कथेशी निष्ठा किती राखावी आणि आस्वादकाच्या रुचीला किती वाव द्यावा, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर सामान्यतः नावे, वेशभूषा, शस्त्रे अशा तपशिलांच्या पातळीवर शोधले जाते. वस्तुतः निष्ठेची कसोटी आख्यानातील संबंधांच्या व्यवस्थेत, विशेषतः नायक आणि विरोधक यांच्या नात्यात, शोधावी लागते.

२. परंपरेने घेतलेले स्वातंत्र्य

नारदीय कीर्तनात पूर्वरंगामध्ये सिद्धान्ताचे निरूपण होते, तर उत्तररंगात त्याच्या पुष्टीसाठी आख्यान येते. हे आख्यान रंगविण्याची, त्यात विनोद आणि प्रसंग भरण्याची कीर्तनकाराला मोकळीक असते. मात्र ते पूर्वरंगातील सिद्धान्तापासून सुटे होऊ शकत नाही. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाबाबतही हेच दिसते. त्यासाठी शांताराम आठवले यांनी नव्याने रचलेले एक पद पुष्कळांना तुकोबांचाच अभंग वाटले. गाथेत नसलेली रचना गाथेशी एकजीव झाली, याचे कारण ती अभंगाच्या विचारव्यवस्थेत बसणारी होती. म्हणजे नवनिर्मिती निष्ठावान असू शकते; उलट जुनी नावे जशीच्या तशी ठेवूनही मूळ कथेचा आशय हरवू शकतो.

विरोधकाच्या चित्रणात हा आशय विशेष स्पष्ट होतो. महिपतींच्या चरित्रपरंपरेत रामेश्वरभट्ट प्रथम तुकोबांचा विरोधक असतो आणि पुढे त्यांचा अनुयायी होतो. मल्हारीच्या आख्यानात मणी आणि मल्ल या दैत्यांचा पराभव होतो. परंतु मणीला देवाच्या सान्निध्यात पूजेचे स्थान मिळते आणि मल्लाचे नाव ‘मल्हारी’ या देवाच्या नावातच सामावते. बळीराजाला पाताळात धाडणारी कथा सांगणारा समाजच दिवाळीत बळीचे राज्य येण्याची इच्छा व्यक्त करतो. या परंपरेत विरोधकाचा पराभव हा कथेचा शेवट नसून पराभूताला नव्या व्यवस्थेत स्थान मिळणे हा शेवट आहे.

३. ‘राजी’ : नवी नायिका, जुना वर

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ (२०२०) हा एकट्याने खेळावयाचा खेळ आहे. त्यातील राजी ही कसरती करणारी मुलगी कोणत्याही पुराणात नाही. महाबलासुराच्या आक्रमणात दुरावलेल्या भावाचा, गोलूचा, शोध घेण्यासाठी ती निघते. तिला शस्त्र मिळते ते देवीच्या कृपेने, आणि तिची कथा सांगतात दुर्गा व विष्णू. वरप्रदान आणि देवतांचा संवाद हे दोन्ही पौराणिक निवेदनाचे परिचित प्रकार असल्याने ही नवी नायिका परंपरेत उपरी वाटत नाही. पद नवे असूनही गाथेत सामावते, तशातला हा प्रकार आहे.

असुरांच्या बाबतीत मात्र खेळाची गरज वरचढ ठरते. खेळाडूची उत्कंठा टिकविण्यासाठी झुंजी वारंवार घडाव्या लागतात. त्यामुळे शत्रू संख्येने अनेक, स्वभावाने एकसारखे आणि मृत्यूनंतर नाहीसे होणारे ठरतात. देवतांच्या कथा भिंतींवरील चित्रांतून समजतात, परंतु हातातील त्रिशूळ त्या कथांशी संवाद करीत नाही. आख्यान पाहण्यात राहते, खेळण्यात उतरत नाही.

४. सामूहिक खेळ आणि पुनर्जन्म

पुण्याच्याच सुपरगेमिंग या संस्थेचा ‘इंडस’ (२०२४) हा जाळ्यावरून अनेकांनी एकाच वेळी खेळावयाचा रणखेळ आहे. भारतीय संकेतांवर बेतलेल्या भविष्यकालीन विश्वात तो घडतो. येथे निवेदनाला अवकाश कमी, कारण प्रत्येक खेळाडू स्वतःपुरता नायक आणि इतरांसाठी विरोधक असतो. साहजिकच आख्यान नावांत आणि रूपांत आक्रसते. तथापि मूळ कथेच्या एका महत्त्वाच्या सूत्राला सर्वाधिक वाव याच प्रकारात आहे. पराभूत खेळाडू पुढच्या डावात पुन्हा अवतरतो. विष्णूचे द्वारपाल जय आणि विजय शापामुळे हिरण्याक्ष–हिरण्यकशिपू, रावण–कुंभकर्ण आणि शिशुपाल–दंतवक्र असे तीन जन्म घेतात. विरोधभक्तीची ही कथा पुनरावृत्त झुंजीला अर्थ देते. १९८६ च्या ‘हॅबिटॅट’ या अमेरिकन खेळाने जाळ्यावरील खेळाडूच्या प्रतिमेला ‘अवतार’ म्हटले. शब्द उचलला गेला, पण अवतार आणि त्याचा विरोधक यांचे नाते मागे राहिले.

५. समारोप

यावरून असे म्हणता येते की, रुची आणि निष्ठा यांच्यातील विरोध दिसतो तितका मूलभूत नाही. झुंज ही खेळाडूची रुची आहे आणि ती पुराणांचीही आहे. भेद झुंजीनंतर काय घडते यात आहे. जिंकलेल्याला शरणागत प्रतिस्पर्ध्यास वर द्यावा लागेल, अथवा त्याचे नाव स्वतःच्या नावात वागवावे लागेल, असा एखादा नियम खेळात आला, तर मल्हारीचे आख्यान चित्रातून कृतीत उतरेल. अशा खेळांच्या अभ्यासात साहित्याच्या अभ्यासकाने देवतेचा मुकुट बरोबर आहे की नाही, हे पाहून थांबू नये. पराभूताला त्या विश्वात जागा उरते की नाही, हे त्याने आधी पाहावे.