मुठीबाहेरचा अंगठा

म्हैसूरमधल्या नजरबादच्या चामुंडी विहार स्टेडियमवर माझा भाचा व्हॉलीबॉल खेळायचा. सतराव्या वर्षी सहा फूट तीन इंच, हात लांबसडक, छाती मध्ये खोलगट. 'आजोबांवर गेलाय,' म्हणून घरभर कौतुक. आजोबा बेचाळिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेले, हे त्या कौतुकात कुणालाच आठवलं नाही. मलाही नाही.

छातीत धडधडतं म्हणाला, तर एका दवाखान्यात ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. ईसीजी नॉर्मल होता, आम्ही निर्धास्त.

पुढे चष्म्याचा नंबर भराभर वाढला. डोळ्यांच्या डॉक्टरांना भिंग जागचं सरकलेलं दिसलं. त्यांनी त्याला अंगठा आत घेऊन मूठ मिटायला सांगितली. अंगठ्याचं टोकाचं पेर करंगळीच्या बाजूने पूर्ण बाहेर! "हृदयाचा इको करा, याच आठवड्यात."

महाधमनी हृदयातून निघते तिथेच ४.६ सेंटिमीटर फुगलेली. मार्फन सिंड्रोम.

या आजारात शरीराला धरून ठेवणाऱ्या ऊतीतलं फायब्रिलिन हे प्रथिन सदोष असतं. सांधे सैल पडतात, भिंग सरकतं. महाधमनीची भिंत मात्र गुपचूप ताणली जात राहते. अमेरिकेची फ्लो हायमन १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉलचं रौप्यपदक जिंकली, उंची सहा फूट पाच इंच. २४ जानेवारी १९८६ला जपानमधल्या मात्सुए इथे सामना चालू असताना ती बाकावर बसल्याबसल्या कोसळली. वय ३१. महाधमनी फाटली होती. मार्फन असल्याचं कळलं ते शवविच्छेदनात. मग भावाची तपासणी झाली, त्यालाही निघाला, आणि तो शस्त्रक्रियेने वाचला.

उंच म्हणजे मार्फन नव्हे, घाबरू नका. पण वरची दोन-तीन लक्षणं जुळली, किंवा घरात कुणी ऐन उमेदीत अचानक गेलं असेल, तर ईसीजीवर थांबू नका. फुगलेली धमनी ईसीजीत नाही, इकोत दिसते. छातीत किंवा पाठीत एकाएकी फाटल्यासारखी कळ आली तर थेट मोठं हॉस्पिटल गाठा, आणि घरात मार्फन आहे हे आधी सांगा. फुगवटा साधारण पाच सेंटिमीटरला पोचला की शस्त्रक्रिया सुचवतात, घराण्यात धमनी फाटल्याचा इतिहास असेल तर त्याआधीही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची अँटिबायोटिक्स डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. गरोदरपणाचा विचार असेल तर आधी इको.

भाचा आता बीटा ब्लॉकर घेतो आणि चामुंडी विहारला खुर्चीत बसून गुण लिहितो. आई-बापाकडून मुलात हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी. त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या अक्काचा इको झाला, तिलाही निघाला. आजोबा म्हणजे आम्हा दोघांचे वडील. माझा इको येत्या मंगळवारी आहे.